हुमायूनचा मकबरा आणि जमिनीखालचं संग्रहालय : आधी खाली उतरावं की आधी वर चढावं?

डबा बी-७
नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्ली. शेवटच्या दिवशी हजरत निजामुद्दीनहून ऑगस्ट क्रांती राजधानी, म्हणजे साडेचारला फलाटावर हजर. तोवरचा वेळ मोकळा, आणि स्टेशनच्या बाजूलाच हुमायूनचा मकबरा. तिथे जुलै २०२४ मध्ये नवं संग्रहालय उघडलंय, तेही जमिनीखाली. सोबत दोन ज्येष्ठ नागरिक (एकाचे गुडघे कुरकुरतात) आणि अकरा वर्षांची भाची.

प्रश्न असे: आधी संग्रहालय की आधी मकबरा? किती वेळ धरावा? आणि संग्रहालयात खरोखर वस्तू आहेत की नुसत्या पाट्या आणि पडदे?

माझं आपलं मत असं, की अस्सल वास्तू डोक्यावर उभी असताना तिच्याबद्दल वाचायला तळघरात जाणं म्हणजे ताट वाढलेलं असताना पाककृती वाचत बसणं. पटवून द्या.

कासवछाप
हे ताट साडेचारशे वर्षांत गार झालेलं नाही, अजून दोन तासांनी काय होणारे! आधी पाककृती वाचा.

गिलावा
डबाभाऊ, आधी संग्रहालय. कारण एकच, पण अठरा फुटी: घुमटावरचा मूळ कळस.

३० मे २०१४ च्या वादळात हा कळस कोसळला. आता घुमटावर दिसतो तो एप्रिल २०१६ मध्ये बसवलेला नवा. जुना खाली संग्रहालयात उभा आहे. खालून बघताना अंगठ्याएवढा वाटणारा कळस डोळ्यांसमोर तीन माणसांच्या उंचीचा निघतो, तेव्हा वरच्या घुमटाचा आकार पहिल्यांदा नीट कळतो. हे मकबरा बघून झाल्यावर कळून उपयोग नाही, आधी कळायला हवं.

त्याची बांधणी बघा. मधे सालाच्या लाकडाचा अखंड दांडा, त्यावर तांब्याची अकरा भांडी एकावर एक ओवलेली. आपल्याकडे लग्नात उतरंड रचतात तशी, फक्त मधून सळई घातलेली म्हणा. तांबं सुमारे ३०० किलो, वरून सोन्याचा मुलामा. प्रत्येक भांडं ठोकून घडवलेलं आहे, ओतीव नाही. जवळ जाऊन सांधे शोधा: वरच्या भांड्याचा काठ खालच्याच्या गळ्यावर बसतो, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरून ओघळतं. तरी शतकानुशतकं थोडं थोडं आत जातंच. तांब्याला त्याचं काही नाही, पण आतलं लाकूड कुजतं. लाकूड पोकळ झालं की सगळा भार तळाशी येतो आणि वाऱ्याला अठरा फुटांची तरफ मिळते. वरून सोनं झळकत असतं, आत भुगा. कळस पडतो तो असा.

नीळ
गिलावा यांच्याशी सहमत, पण कारण वेगळं. छतावरच्या छत्र्यांच्या, म्हणजे खांबांवरच्या छोट्या घुमटांच्या, फरशा. निळ्या, फिरोजी, हिरव्या, पिवळ्या. खालून फक्त रंगाचे ठिपके दिसतात. असलं काम जवळून आधी बघितलं, तर वर मान करून बघताना काय बघतोय ते कळतं.

ही चिनी माती नव्हे. अंग गारगोटीच्या पुडीचं, त्यात काचेचा चुरा आणि अगदी थोडी माती, बांधण्यापुरती. म्हणून तुटलेल्या कडेला फरशी पांढरट, साखरेसारखी रवाळ दिसते. मातीची असती तर लाल दिसली असती. आधी अंग भाजायचं, मग झिलई लावून पुन्हा भट्टीत.

रंगाची गंमत अशी की फिरोजी आणि हिरवा हे दोन्ही तांब्याचेच. झिलईत क्षार असला तर तांबं फिरोजी होतं, शिसं जास्त असलं तर हिरवं. गडद निळा कोबाल्टचा, पिवळा शिसं आणि कथलाचा.

बिघडतं कुठे? अंग आणि झिलई थंड होताना सारख्या प्रमाणात आकसली नाहीत, तर झिलईवर केसासारख्या भेगांचं जाळं पडतं. त्यातून पाणी आत, आणि काही पावसाळ्यांत झिलई पापुद्र्यासारखी सुटते. म्हणूनच नव्या फरशा बनवायला इतका काळ गेला. उझबेकी कारागिरांनी निजामुद्दीन बस्तीतल्या मुलांना हे शिकवलं आणि चाचण्यांवर चाचण्या झाल्या. रंग जुळवणं त्या मानाने सोपं, आकसणं जुळवणं कठीण.

विटकर
हा सगळा कौतुकसोहळा चालू द्या, पण एक खडा टाकतो. नव्या फरशा, नवा गिलावा, नवा कळस. मग वारसा उरला किती? २००७ ते २०१३ मध्ये जे झालं ते जतन की नव्याने बांधणी? युरोपात भग्न वास्तू भग्नच ठेवतात. संग्रहालयात मूळ कळस आणि घुमटावर नक्कल. हे म्हणजे मूर्ती तळघरात आणि गाभाऱ्यात फोटो.

कासवछाप
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. गिलावा, या.

गिलावा
आलो.

विटकर, प्रश्न रास्त आहे आणि जाणकारांतही त्यावर वाद झालेत. पण आधी काय काढलं ते बघा. काढलेलं मुघल काम नव्हतं, विसाव्या शतकात चढवलेलं सिमेंट होतं. छतावर गळती थांबवायला थरावर थर काँक्रीट ओतलं होतं. ते सगळं मिळून दहा लाख किलो निघालं. हो, दहा लाख. तेवढं ओझं कमानींच्या डोक्यावर होतं, आणि गळती तरीही थांबली नव्हती.

सिमेंटचं दुखणं काय? चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. भिंतीत ओल शिरणारच. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडतं. मग ओल जिकडे वाट मिळेल तिकडे, म्हणजे शेजारच्या लाल दगडाकडे वळते. सोबतचे क्षार दगडाच्या पाठीमागे स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचा तोंडचा पापुद्रा उडवतात. दोष सिमेंटचा, मरतो दगड. गावोगावच्या जुन्या देवळांना, वाड्यांना सिमेंटचा गिलावा मारणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

चुन्याचं काम मात्र पेशन्सचं. कळीचा चुना भिजवून किमान महिनाभर मुरवायचा. घाई केली तर न विझलेले खडे गिलाव्यात राहतात आणि नंतर फुगून टवके उडवतात. एक भाग चुन्याला साधारण दीड-दोन भाग सुरखी (विटांची पूड) आणि वाळू, चुन्याच्या घाण्यात दळून. त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी. थर बोटाएवढा जाड एकदम द्यायचा नाही, दहा-बारा मिलिमीटरचे दोन-तीन थर. थापीने ठोकत राहायचं, म्हणजे सुकतानाच्या बारीक भेगा मिटतात. मग तीन-चार आठवडे ओलं गोणपाट. चुना सुकून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन होतो, आणि त्याला ओल लागते. दिल्लीच्या मे महिन्यात उघड्यावर सोडला तर आठवड्यात बोटाला पीठ लागतं.

फरशांबद्दल: जिथे मूळ फरशी जागेवर होती, तिथे तिची झिलई उडालेली असली तरी ती काढलेली नाही. नव्या लावल्या त्या रिकाम्या जागी. दुर्बीण असेल तर एकाच छत्रीवर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

आणि मूर्ती-फोटोचा दाखला चुकला. देवळाचा कळस मोडला की आपणही नवाच चढवतो.

विटकर
सिमेंट काढलं याला विरोध नाहीच. फरशांवर मत कायम. पण चुन्याचा प्रतिसाद साठवून ठेवला आहे, तेवढं कबूल.

अटकेपार
माझा कौल आधी मकबरा.

संग्रहालयाच्या मुख्य दालनाचा विषयच ‘बादशहा जिथे विसावले’ असा आहे. हुमायून १५५६ च्या जानेवारीत पुराना किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला, मकबरा उभा राहिला त्यानंतर दशकभराने अकबराच्या काळात. वास्तुकार मीरक मिर्झा गियास आणि त्याचा मुलगा सय्यद मुहम्मद. पुढे मुघल घराण्यातल्या शंभराहून अधिक लोकांना इथे पुरलं. जोत्याच्या चारी बाजूंच्या खोल्यांत आणि वर उघड्यावर कबरीच कबरी, आणि बहुतेकांवर नाव नाही. हे आधी डोळ्यांनी बघा, मग खाली जाऊन कोण कोण ते वाचा.

आपल्या लोकांनी इथे एका माणसाची आठवण जरूर काढावी: फर्रुखसियर. १७१९ च्या फेब्रुवारीत सय्यद बंधूंनी त्याला तख्तावरून खेचला, तेव्हा बाळाजी विश्वनाथ मराठी फौज घेऊन दिल्लीत होते. मार्चमध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा हाती आल्या, येसूबाईंची सुटका झाली. फर्रुखसियरला आधी आंधळा केला, एप्रिलमध्ये मारला, आणि पुरला इथेच. सनदांची गोष्ट शाळेत दोन ओळींत संपते. तिचं दुसरं टोक या जोत्यावर आहे.

दुसरी जोडी शाहजादा मुराद आणि दानियाल, अकबराचे मुलगे. दोघेही दख्खनच्या स्वारीत दारूपायी गेले. मुराद १५९९ मध्ये पूर्णेकाठी, दौलताबादच्या बाजूला. दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरात. दोघांना इथे घुमटाखाली आणलं. त्यांचं महत्त्व असं की दारा शुकोहला १६५९ मध्ये मारल्यावर याच दोघांशेजारी पुरल्याची नोंद आलमगीरनाम्यात, म्हणजे औरंगजेबाच्या दरबारी इतिहासात आहे. पण कबरीवर नाव नाही. ती ओळखण्यासाठी २०२० मध्ये केंद्र सरकारने पुरातत्त्वज्ञांची समिती नेमली होती.

मोरपीस
दारा शुकोह म्हणजे उपनिषदं फारसीत आणणारा ना?

अटकेपार
तोच. सिर्र-ए-अकबर, १६५७. संग्रहालयात त्याला स्वतंत्र जागा आहे. या परिसराशी बांधलेली चार माणसं घेतली आहेत: हजरत निजामुद्दीन औलिया, अमीर खुसरो, रहीम आणि दारा. रहीम म्हणजे दोहेवाले रहीम, अकबराचे सेनापती. आणि हो, १५९७ च्या आष्टीच्या लढाईत गोदावरीकाठी निजामशाही-आदिलशाही फौजांना हरवणारेही हेच. ‘रहिमन धागा प्रेम का’ पाठ असणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

कासवछाप
रहिमन धागा प्रेम का, मत तोरो चटकाय. हा धागाही चांगला चाललाय, कोणी तोडू नका.

नवखा प्रवासी
एक भाबडा प्रश्न. आग्र्याला जे मुघल म्युझियम होणार होतं ते हेच का?

अटकेपार
नाही. ते आग्र्यात, ताजच्या पूर्व दरवाज्याच्या रस्त्यावर. पायाभरणी २०१६ ची. २०२० मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव देण्याचं उत्तर प्रदेश सरकारने जाहीर केलं. दिल्लीचं हे वेगळं: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगाखान सांस्कृतिक न्यास यांनी मिळून केलेलं.

घोरपडे सरकार
नाव बदललं ते योग्यच झालं. मुळात मुघलांचा उदोउदो करणारी संग्रहालयं आपल्या पैशाने

धागा-राखणदार
सरकार, नामांतरावर दोन स्वतंत्र धागे उघडे आहेत, तिकडे तलवार उपसावी. इथे कळस, चुना आणि गुडघे.

पेठेतली
आगाखान म्हटल्यावर पुणेकरांनी कान टवकारले का? नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस १८९२ चा, तिसऱ्या आगाखानांनी बांधलेला. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी तो देशाला दिला. या मकबऱ्याच्या बागेचं काम करवून घेणारे तेच चौथे. स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्तची भेट म्हणून १९९७ ला सुरू केलं आणि २००३ ला पूर्ण झालं.

आणि बागेवरून आठवलं, इतका वेळ कोणी पाण्याबद्दल बोललं नाही! चारबागेतले, म्हणजे चार भागांत आखलेल्या या बागेतले, पाट बघा. मूळ तळाचा उतार चाळीस मीटरला एक सेंटिमीटर. म्हणजे भरलेल्या बादलीतही डोळ्याला कळणार नाही इतका. दुरुस्तीत हाताने घडवलेल्या लाल दगडाच्या लाद्या त्याच मापाने पुन्हा बसवल्या. पाथरवटाने एक लादी दोन सूत वर बसवली तर तिच्या अलीकडे पाणी थबकतं, शेवाळ धरतं, आणि पलीकडचा पाट कोरडा. कारंज्यांना तर दाबाचंच गणित. सोबत पावसाचं पाणी जिरवायला १२८ खड्डे घेतले आहेत. ते दिसत नाहीत, पण बाग हिरवी राहते त्यात त्यांचा वाटा आहे.

भाचीला पाटात एक पान सोडायला सांगा (पाणी चालू असेल तर) आणि ते कुठल्या बाजूला सरकतं ते बघू द्या. उतार त्याशिवाय कळत नाही.

पन्नास लक्स
इथे नंतर एक तक्रार येणार, ती आधीच निकालात काढतो: ‘आत फार अंधार आहे.’

अंधार मुद्दाम असतो. कागद, कापड आणि लघुचित्रं यांच्यावर जगभर साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात. बाहेर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास असतो. रंग उडतो तो उजेडाची तीव्रता गुणिले तास या हिशोबाने, आणि उडालेला परत येत नाही. म्हणून चांगली संग्रहालयं कागदावरच्या वस्तू काही महिन्यांनी बदलतात. फोटोत पाहिलेलं पान तुम्ही जाल तेव्हा दिसेलच असं नाही.

उन्हातून थेट लघुचित्रासमोर गेलात तर पहिली पाच-सात मिनिटं फक्त चौकट दिसेल. उपाय सोपा: आधी दगड आणि धातूच्या वस्तू बघा. त्यांना उजेडाचं वावडं नसतं. डोळे सरावले की मग कागदाकडे.

लघुचित्र समोरून बघितल्यावर एकदा बाजूने, तिरकं बघा. वसली म्हणजे तीन-चार कागद खळीने एकमेकांवर चिकटवून केलेला जाड कागद. चित्र पालथं घालून अकीकाच्या दगडाने घोटतात, रंग कागदात दबतो आणि मिन्यासारखी चमक येते. तिरक्या नजरेला ती चमक दिसते, आणि जिथे नंतर कोणी डागडुजी केली आहे तिथे मंद डाग दिसतो. सोन्यावर टोचलेले बारीक ठिपके असतील तर तेही तिरकेच दिसतात, कारण ते हलत्या दिव्याच्या उजेडात लुकलुकावेत म्हणूनच टोचलेले असतात.

फ्लॅश नको, हे सांगायची वेळ येऊ नये.

मोरपीस
आणि जमिनीखाली ओल नाही येत? आमच्या सोसायटीचं पार्किंग आठवलं.

पन्नास लक्स
येणारच, म्हणून अशा इमारतीत खरा खर्च भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असतो: जलरोधक पडदा, त्याच्याबाहेर पाणी वाहून नेणारा थर, खाली उपसा. आत हवा साधारण ५० टक्के आर्द्रतेवर स्थिर ठेवावी लागते. आकडा दोन-चारने इकडेतिकडे चालतो, पण दिवसरात्र वरखाली चालत नाही. कागद फुगतो-आकसतो आणि रंगाचा थर तडकतो. तांब्या-पितळेला वेगळंच भय. क्षार लागलेल्या तांब्याला ओल मिळाली की फिकट हिरवी भुकटी फुटते आणि ती आत आत खात जाते. म्हणून नाजूक वस्तूंच्या पेटीत सिलिका जेलचा कप्पा लपवलेला असतो.

हा खर्च करून जमिनीखाली का गेले? कारण वर बांधलं असतं तर मकबरा आणि ‘सुंदर नर्सरी’ नावाची शेजारची बाग यांच्या मधोमध एक इमारत उभी राहिली असती आणि दोन्हींची नजर अडली असती. कल्पना बावडीची आहे, आपल्या भाषेत बारव. सुमारे दहा हजार चौरस मीटरचा पसारा पोटात आणि वर बाग. उतारावरून चालत खाली जायचं. गुडघेवाल्यांना हे मानवेल.

अंकुशी
नाण्यांच्या कपाटापुढे लोक तीस सेकंद थांबतात. दोन मिनिटं द्या.

हुमायूनच्या सुरुवातीच्या चांदीच्या नाण्याला शाहरुखी म्हणतात. पातळ, पसरट, वजन साडेचार ग्रॅमच्या थोडं वर. त्याला हाकलून लावणाऱ्या शेरशाहचा रुपया बघा: जाड, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. पुढे मुघलांनी स्वतःचं सोडून शेरशाहचंच वजन उचललं. लढाई कोण जिंकलं ते सोडा, नाणं कोणाचं टिकलं ते तराजू सांगतो.

फारसी येत नसली तरी एक शब्द ओळखायला शिका: ज़र्ब, म्हणजे ‘ठोकलं’. त्याच्यापुढे टांकसाळीचं गाव. जुलूस दिसलं तर त्याच्याजवळचा आकडा म्हणजे बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष. एवढ्या भांडवलावर निम्मं कपाट वाचता येतं. आणि हेच भांडवल पुण्याच्या अंकुशी रुपयालाही चालतं. पेशवाईतलं नाणं, पण मजकूर फारसीत आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं. आपली खूण म्हणून फक्त एक अंकुश. सत्ता एकाची, सही दुसऱ्याची.

विटकर
हे वाक्य आजच्या कुठल्याही सरकारी कचेरीलाही लागू.

यंत्रराज
अॅस्ट्रोलॅब सुटला, म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून वेळ काढायचं यंत्र. हुमायूनला ग्रहताऱ्यांचं वेड होतं, त्यामुळे इथे अॅस्ट्रोलॅब आणि पितळी खगोल (तारे कोरलेला गोल) असणं ओघाने आलं. लाहोरच्या अल्लाहदाद घराण्याने चार पिढ्या ही यंत्रं घडवली. खगोल त्यांचा असला तर सांधा शोधून दाखवा. हे घराणं मेणाच्या साच्यातून अखंड पोकळ गोल ओतायचं, दोन अर्धगोल जोडायचं नाही.

अॅस्ट्रोलॅब समजायला भाग मोजा. परातीसारखी बैठक, तिच्यात एकावर एक बसणाऱ्या पातळ तबकड्या, वर जाळी, पाठीमागे फिरती पट्टी. प्रत्येक तबकडी एका अक्षांशाची. दिल्लीची तबकडी लाहोरला चुकीची वेळ सांगते, म्हणून पाच-सहा तबकड्या सोबत. जाळीवरचं प्रत्येक टोकदार पान म्हणजे एक तारा, पानाचं टोक ही त्याची जागा. पट्टीने सूर्याची उंची मोजायची, जाळी फिरवून सूर्याची आजची जागा त्या उंचीवर आणायची, की वेळ कळते.

संस्कृतात याला यंत्रराज म्हणतात. महेंद्र सूरीने १३७० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, मुघलांच्या दीडशे वर्षं आधी. माझं नाव तिथून.

कासवछाप
म्हणजे जुन्या काळचं गूगल मॅप्स, फक्त शहर बदललं की ताटली बदलायची.

यंत्रराज
मॅप्स नव्हे, घड्याळ. पण ताटली बरोबर.

सावली मोजणारा
मूळ प्रश्नाकडे वळू का? सगळे आधी-नंतर भांडताहेत आणि सूर्य कुठे आहे ते कोणी बघत नाही.

आताचं प्रवेशद्वार पश्चिमेचं. म्हणजे सकाळी तुम्ही मकबऱ्याकडे जाता तेव्हा सूर्य त्याच्या पाठीमागे आणि समोरची बाजू सावलीत. लाल दगड तपकिरी दिसतो, पांढऱ्या संगमरवराच्या रेघा मळकट. त्यात डिसेंबर, सकाळी धुकं असलं तर घुमट नुसता अंदाजाने. दीड-दोननंतर सूर्य नैऋत्येला येतो, पश्चिम आणि दक्षिण दोन्ही बाजू उजळतात. हिवाळ्यात तो खालून येतो, त्यामुळे कमानींच्या आतलं सगळं खोलवर दिसतं. मे महिन्यात हे मिळत नाही.

त्यामुळे साडेनऊला पोहोचून आधी इसा खानचा मकबरा. आत शिरल्यावर उजवीकडे, अष्टकोनी, १५४७ चा, म्हणजे हुमायूनच्या आधीचा आणि सूर घराण्याच्या सरदाराचा. अर्धा तास. मग संग्रहालय, दोन तास. पोटात काही ढकला. एक ते तीन मुख्य मकबरा.

दोघांसाठी एक सूचना. जोतं सहा-सात मीटर उंच आहे, आणि पायऱ्या उंच नि अरुंद. चढताना दम लागतो, उतरताना गुडघा बोलतो. ज्यांना नको त्यांनी बागेतच नैऋत्य कोपरा धरून बसावं. वास्तू तिथूनच सगळ्यात पूर्ण दिसते. वरच्या दालनात आहे ते कबरीचं प्रतीक, खरी कबर त्याच्या बरोबर खाली आहे. त्यामुळे वर न गेल्याने हुमायूनची भेट चुकत नाही.

नीळ
भाचीसाठी काम: वहीत मधे एक अष्टकोन आणि भोवती आठ खोल्या काढायच्या. याला हश्त-बिहिश्त म्हणतात, आठ स्वर्ग. मग वर फिरताना कुठल्या खोलीत आहोत तिथे टिंब द्यायचं. दुसरं, कमानींच्या खांद्यांवर षट्कोनी तारे आहेत, ते मोजायचे. शांत बसते.

बीबीवाला
अवांतर, पण संभाजीनगरचा बीबी का मकबरा ज्यांनी पाहिलाय त्यांनी एक तुलना करा. तिथे संगमरवर कंबरेपर्यंत आणि घुमटाला, मधला बहुतेक भाग चुन्याच्या गिलाव्यावरची नक्षी. इथे दगडच दगड. बीबीचा वास्तुकार अताउल्ला हा ताज बांधणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बाप-लेकांच्या दोन इमारती आणि त्यांच्या आधीची ही, अशी तीन बघितली की घुमटाची मान कशी लांबत गेली ते कळतं. गिलावा यांनी वर जे चुन्याचं सांगितलंय ते बीबीपुढे उभं राहून पुन्हा वाचावं, कारण तिथे वास्तूची कातडीच चुन्याची आहे.

गिलावा
अगदी. आणि वर घुमट दुहेरी आहे हे राहिलंच सांगायचं. बाहेरचा ४२ मीटरपर्यंत जातो, आतलं छत त्याच्या बरंच खाली. मधे पोकळी. एकच घुमट असता तर आत विहिरीत उभं राहिल्यासारखं वाटलं असतं, आणि आतल्या मापाचा केला असता तर बाहेरून टोपी. म्हणून दोन.

डबा बी-७
ताट-पाककृतीचा मुद्दा मागे घेतो. कळस आधी, मग घुमट, आणि सूर्य दोननंतर. इसा खान साडेनऊ, संग्रहालय साडेदहा ते साडेबारा, मकबरा एक ते सव्वातीन, स्टेशन चार. गुडघे नैऋत्य कोपऱ्यात. अटकेपार, फर्रुखसियरला तुमचा नमस्कार सांगतो, कबर सापडली तर.

तिकीट आणि सामान याबद्दल कोणी सांगेल का? तीन बॅगा आहेत.

पेठेतली
मकबऱ्याचं तिकीट भारतीयांना रोख ४०, ऑनलाइन ३५ रुपये. पंधरा वर्षांखालच्यांना फुकट, म्हणजे भाची सुटली. संग्रहालयाचं वेगळं. त्याचा सुट्टीचा वार आणि वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी ऑनलाइन पाहून ठेवा.

बॅगा घेऊन येऊ नका. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. मात्र क्लोकरूमला प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. चेनला लावायची तीन छोटी कुलपं घरूनच न्या. आणि परतताना रिक्षावाल्याला नुसतं ‘निजामुद्दीन स्टेशन’ म्हणू नका, ‘भोगल की तरफ’ म्हणा. सराय काले खाँच्या बाजूला सोडलं तर सगळा वळसा.

डबा बी-७
कुलपं दोनच आहेत घरात.

कासवछाप
तिसऱ्या बॅगेला भाचीला बसवा राखायला. तारे मोजून झाले असतील तोवर.